सेंट जेम्स पार्क आणि आमची सोसायटी

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. रिडेव्हलपमेंटचं आता नक्की झालंय. कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस फंड यावर तीन तास भांडून झाल्यावर बिल्डरच्या माणसाने शेवटचा एक कागद पुढे केला. नवीन इमारतीला त्यांच्या कंपनीचं नाव. आणि आमचं जुनं नाव? "त्याची लॉबीत छानशी पाटी लावू ना मॅडम!" सगळे दमले होते, चहा गार झाला होता. पाच मिनिटांत सह्या झाल्या. माझीही झाली.

जिना चढताना मला एकदम न्यूकॅसल आठवलं.

२०११-१२ मध्ये प्रोजेक्टसाठी मी वर्षभर तिथे होते. फुटबॉलमधलं मला तेव्हा ऑफसाइडसुद्धा कळत नव्हतं. पण त्या गावात राहून फुटबॉल टाळणं अशक्य. आपल्याकडे गावात शिरताना लांबून देवळाचा कळस दिसतो, तसं तिथे स्टेडियम दिसतं. अगदी शहराच्या मध्यात, उंचावर. सेंट जेम्स पार्क. त्या जागेवर १८८० पासून फुटबॉल खेळतायत आणि न्यूकॅसल युनायटेड १८९२ पासून तिथेच आहे. एका बाजूच्या स्टँडचं नाव गॅलोगेट, म्हणजे पूर्वी फाशी द्यायच्या जागेकडे जाणारा रस्ता! जवळच्या मेट्रो स्टेशनचं नावही सेंट जेम्स.

नोव्हेंबर २०११ मध्ये क्लबने जाहीर केलं की आता या जागेचं नाव 'स्पोर्ट्स डायरेक्ट अरीना'. स्पोर्ट्स डायरेक्ट ही क्लबचे तेव्हाचे मालक माइक ॲशली यांचीच खेळाच्या सामानाच्या दुकानांची कंपनी. त्यांनी २००७ मध्ये क्लब विकत घेतला होता. व्यवस्थापनाचं म्हणणं असं की जुनं नाव धंद्याच्या दृष्टीने आकर्षक नाही. स्टेडियमला नाव द्यायचे हक्क विकले तर वर्षाला ८० लाख ते १ कोटी पौंड मिळू शकतात. तोवर मालकांच्या कंपनीचं नाव लावायचं, म्हणजे येणाऱ्या गिऱ्हाइकाला आपलं नाव तिथे कसं दिसेल याचा अंदाज येईल. थोडक्यात, शंभरावर वर्षं जुनं नाव उतरवलं ते नमुना दाखवायला.

आमच्या टीममध्ये एक पन्नाशीचा गृहस्थ होता, तिथलाच. आजोबांपासून सगळे गॅलोगेट स्टँडला जाणारे. मी त्याला भाबडेपणाने विचारलं, "नावाने काय फरक पडतो? टीम तर छान खेळतेय." खरंच, त्या सीझनला ते पाचवे आले. तो हसला. म्हणाला, "आम्ही लीग शेवटची जिंकली १९२७ ला. एफए कप १९५५ ला. आम्ही काय जिंकतो म्हणून जातो होय?"

मला ते तेव्हा फार लागलं नाही, आता लागतं. खेळाडू येतात नि जातात, मॅनेजर बदलतात, मालक बदलतात, कप तर येतच नाहीत. मग तीन पिढ्यांना बांधून ठेवणारं उरतं काय? ती जागा आणि तिचं नाव. तेही काढलं तर तुम्ही नुसते तिकीट घेणारे गिऱ्हाईक.

फेब्रुवारी २०१२ मध्ये स्टेडियमवरची जुन्या नावाची अक्षरं उतरवली. मग कुणीतरी भिंतीवर रंगाने तेच नाव लिहून ठेवलं. निदर्शनं झाली, बॅनर लागले. पण मला सगळ्यात भारी वाटला तो माझ्या सहकाऱ्याचा विरोध. तो नवीन नाव उच्चारतच नसे. वाद नाही, आरडाओरडा नाही. "शनिवारी कुठे?" "सेंट जेम्स." झालं. वर्षभरात त्याच्या तोंडून ते दुसरं नाव मी ऐकलं नाही.

आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये नाव परत आलं. पण कसं? वोंगा नावाच्या कंपनीने क्लबची स्पॉन्सरशिप घेतली आणि जुनं नाव परत लावलं. वोंगा म्हणजे पगारापर्यंत उसने पैसे देणारी कंपनी. व्याजाचा वार्षिक दर काढला तर चार हजार टक्क्यांच्या वर! हातावर पोट असलेल्या माणसांच्या गरजेवर उभा असलेला धंदा. शहराच्या कौन्सिलच्या नेत्याने जाहीर निषेध केला. माझा सहकारी खूश होता आणि ओशाळलेलाही. "नाव आमचंच, पण आता ते कुणाच्या पैशाने सोडवून आणलंय बघ," असं काहीसं म्हणाला होता.

पुढे २०१८ मध्ये वोंगा बुडाली. २०२१ मध्ये ॲशलींनी क्लब सौदी गुंतवणूक निधीच्या गटाला विकला, आणि त्यावरही वाद झाले. मार्च २०२५ मध्ये त्यांनी लीग कप जिंकला, १९५५ नंतरचा देशातला पहिला मोठा कप. मालक तीनदा बदलोत, नाव मात्र सेंट जेम्स पार्कच.

आता कुणी म्हणेल, तुमची इमारत तर नवीनच होणार आहे, मग नवीन नाव का नको? मुद्दा बरोबर आहे. २००६ मध्ये आर्सेनल हायबरी सोडून नव्या स्टेडियममध्ये गेलं, त्याला विमान कंपनीचं नाव मिळालं आणि ते बऱ्यापैकी रुळलंही. पण ती जागाच वेगळी होती. आम्ही त्याच जागेवर, त्याच शेजाऱ्यांबरोबर परत येणार आहोत. आणि आमचं नाव काही फार थोर नाही हो, डोंबिवलीत त्या नावाच्या डझनभर सोसायट्या असतील. पण बाबांनी आणि त्यांच्या मित्रांनी पहिल्या मीटिंगला चिठ्ठ्या टाकून ते निवडलं होतं.

खरं सांगायचं तर मला वाढीव जागा हवी होती. म्हणून पेन उचलताना मी काही बोलले नाही. न्यूकॅसलच्या लोकांना निदान कुणी सही मागितली नव्हती. आम्हाला मागितली आणि आम्ही दिली.

करार अजून रजिस्टर व्हायचाय. काल सेक्रेटरींना पत्र दिलंय की गेटवर मोठ्या अक्षरात जुनंच नाव हवं, लॉबीतली पाटी नको. बघू, किती जण साथ देतात ते.

आणि मावशी, काका, ताई, तुम्ही हे वाचताय म्हणून सांगते. काहीही ठरलं तरी, नवीन घरी याल तेव्हा रिक्षावाल्याला जुनंच नाव सांगा.