अक्षरं ठेवायची रीत



आज एक चूक सांगणार आहे, माझीच. गोष्ट साधी आहे, काचेवर चिकटवायच्या अक्षरांची. आपल्याकडे त्याला सगळे रेडियम म्हणतात. त्यात रेडियम काही नसतं, तो चिकट पाठीचा प्लास्टिकचा पातळ पत्रा असतो. यंत्रावरचं बारीक पातं त्यातून अक्षरं कापतं. गाडीवर, दुकानाच्या काचेवर, नंबरप्लेटवर दिसतात तीच ही अक्षरं.

आमच्या घरातल्या चैत्यालयाशेजारी स्वाध्यायाची छोटी खोली आहे. तिथल्या शास्त्रांच्या कपाटाला मागच्या वर्षी नवीन काच बसवली. श्रुतपंचमीला त्या काचेवर णमोकार मंत्र लावायचा, असं मी ठरवलं. महावीर जयंतीच्या सुमारास वणीला जाणं झालं, तेव्हा एका रेडियमच्या दुकानात अक्षरं कापून घेतली. मनात म्हटलं, दोन महिने आधी झालं, एक काम हातावेगळं झालं.

दुकानातल्या मुलाने अक्षरांवर कागदी चिकटपट्टी लावून दिली. देताना तो काहीतरी सांगत होता. पण मला बस पकडायची होती. मी "हो हो" म्हटलं, त्या कागदाची घट्ट गुंडाळी केली, वर दोन रबर लावले आणि पिशवीत टाकली. घरी आल्यावर ती गुंडाळी मागच्या टिनाच्या खोलीत माळ्यावर गेली, गव्हाच्या कोठीमागे.

मारेगावचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. वैशाखात दुपारी टिनाखाली पापडसुद्धा न तळता फुलेल असं वाटतं.

श्रुतपंचमीच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई, जाऊबाई आणि शेजारच्या दोघी जमल्या. गुंडाळी उघडली तर कागद सपाट होईचना. रबर बसला होता तिथे अक्षरांवर खोल वळ उठले होते. चिकटपट्टी जागोजागी फुगली होती. "सिद्धाणं" अर्धं पट्टीला आणि अर्धं मागच्या कागदाला राहिलं आणि ताणून फाटलं. कडांना गोंद बाहेर आला होता, त्यावर धूळ. पाच पदांत सहा अनुस्वार आहेत. आम्ही मोजले तर चारच सापडले.

मग मी काय केलं? सगळ्यांसमोर त्या मुलाला फोन लावला. "हलका माल दिलास. देवाच्या कामात असं करतोस?" असं बरंच काही बोलले. तो एवढंच म्हणाला, "काकू, रात्रीतून नवीन कापून देतो. सकाळी कोणाच्या हातानं पाठवतो. पैसे नको जी." आणि खरंच, सकाळी नवी अक्षरं आली. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, सपाट, चारी बाजूंनी सुतळीने बांधलेली. तासाभरात काचेवर लागली. पूजा झाली, सगळ्यांनी कौतुक केलं. मी ते कौतुक घेतलंसुद्धा.

ती सुतळी मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जाईना, कारण तशी बांधणी मी लहानपणापासून पाहिली होती.

माझं माहेर कारंजा लाड. तिथल्या मंदिरांतल्या जुन्या पोथ्यांचे भांडार तुम्हाला माहीत असतील. डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ पासून कारंजा जैन ग्रंथमालेत जे अपभ्रंश ग्रंथ संपादित करून छापले, त्यांनी या भांडारांचं नाव सगळ्या विद्वानांपर्यंत गेलं. श्रुतपंचमी म्हणजे जेठ शुद्ध पंचमी. ज्ञान विसरलं जाईल या काळजीने धरसेन आचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना शिकवलं, त्यांनी षट्खंडागम लिहिला, आणि तो पूर्ण झाला तो हा दिवस. त्याच षट्खंडागमाचा धवला टीकेसह पहिला छापील भाग १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून निघाला, हिरालालजींच्याच संपादनाखाली. ताडपत्रं मात्र शेकडो वर्षं मूडबिद्रीला जपून ठेवलेली होती. कोणीतरी ती नीट ठेवली, म्हणून आपल्याला वाचायला मिळाली.

आजीबरोबर मी श्रुतपंचमीला पोथ्यांची वेष्टनं बदलायला जायची. पाऊस तोंडावर आलेला असायचा. पोथी सोडायची, मऊ कापडाने पुसायची, पानं मोजायची. मग खाली एक लाकडी पाटी, वर एक पाटी, भोवती कोरडं सुती वेष्टन आणि वरून सुताची दोरी. फार घट्ट नाही, फार सैल नाही. आजी म्हणायची, पोथीला श्वास घेता आला पाहिजे, पण अंग हलवता आलं नाही पाहिजे. सपाट ठेवायची, उभी नाही. ओल्या भिंतीला टेकवायची नाही.

म्हणजे रीत मला ठाऊक होती. मी ती पोथीपुरतीच ठेवली. प्लास्टिकची अक्षरं बाजारातून आली, म्हणून माळ्यावर फेकली.

दशलक्षणात वणीला पुन्हा जाणं झालं, तेव्हा मुद्दाम त्या दुकानात गेले. आत जाऊन पाहिलं. मोठे रोल नळीत दांडी घालून आडवे टांगलेले. कापून तयार झालेली कामं एका उथळ खणात सपाट, मध्ये मध्ये गुळगुळीत कागद. प्रत्येकावर तारीख. मी विचारलं तेव्हा त्याने शांतपणे सगळं सांगितलं. तुमच्याही उपयोगाचं आहे, म्हणून लिहिते.

या अक्षरांच्या तीन घड्या असतात. खाली मेणचट कागद, मध्ये अक्षर, वर उचलायची चिकटपट्टी. खालच्या कागदाला सिलिकॉनचा लेप असतो, म्हणून गोंद त्याला धरत नाही. हे तिन्ही थर ऊन आणि ओल यांनी वेगवेगळे वागतात. प्लास्टिक उन्हाने आकसतं, कागद ओल पिऊन फुगतो, गोंद मऊ होऊन कडेने बाहेर येतो. कंपन्या साठवणीसाठी साधारण २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता सांगतात. आपल्याकडे ते कुठून आणणार? पण घरातली सर्वांत गार, कोरडी, बिनउन्हाची जागा तर शोधता येते. कोरा रोल वर्ष-दोन वर्षं टिकतो. पट्टी लावलेली अक्षरं मात्र थोड्या दिवसांत वापरायची. जास्त राहिली तर पट्टीचा गोंद अक्षराला घट्ट धरतो, नाहीतर पट्टी सुटून जाते. म्हणून लावायच्या आठवड्यातच कापून घ्यावी. लागतील तेवढीच घ्यावी. अपरिग्रह इथेही आहे.

गुंडाळायचीच वेळ आली तर अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेवून, जाड नळीवर, सैल गुंडाळायची. अक्षरं आत गेली की पट्टीला चुण्या पडतात आणि त्या चुण्या अक्षरांना उचलतात. रबर कधीच लावायचा नाही. वर धान्याचा डबा, साड्यांचा गठ्ठा, काही ठेवायचं नाही.

लावताना तुपाचा, तेलाचा हात गोंदाला लागू द्यायचा नाही. आपल्याकडे कापसाच्या दिवसांत हवेत तंतू असतात, ते गोंदावर बसले की निघत नाहीत. काच गाळलेल्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची. मग कागद पालथा ठेवून मागचा मेणचट कागद अक्षरांपासून सोलायचा, अक्षरं कागदापासून ओढायची नाहीत. सोलतानाच अनुस्वार मोजायचे. शिरोरेषेमुळे शब्द सगळा एकत्र येतो, टिंब मात्र एकटंच असतं आणि तेच हरवतं.

आणि आता आपल्या यत्नाचाराचं, जे त्या मुलानेही सांगितलं नव्हतं. अक्षरांभोवतीचा उरलेला पत्रा सोलून काढतात, त्याची गोंदाची बाजू उघडी राहते. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली तो तुकडा पाच मिनिटं उताणा ठेवा, किती चिलटं अडकतात बघा. आदल्या संध्याकाळी आम्ही तसेच तुकडे जमिनीवर टाकले होते, आणि सकाळी झाडताना मला ते दिसले. म्हणून हे काम दिवसा करायचं, आणि सोललेला तुकडा लगेच गोंदावर गोंद येईल असा दुमडायचा. जाळायचा तर मुळीच नाही. जिवांची हिंसा होतेच, शिवाय हे प्लास्टिक जळताना तिखट विषारी वायू निघतो.

मुनींच्या पाच समितींपैकी चौथी आदान-निक्षेपण समिती. वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून, जपून उचलायची आणि ठेवायची. स्वाध्यायात किती वेळा वाचलं असेल. माझं उचलणं ठीक होतं. ठेवणं नव्हतं.

बिघडलेल्या अक्षरांचा प्रश्न उरला होता. मंत्राची अक्षरं कचऱ्यात टाकवेनात. जी शब्दभर नीट निघाली ती मुलांच्या पाठशाळेच्या वह्यांवर आतून लावली. न सापडलेल्या दोन अनुस्वारांच्या जागी मुलांनी पेनाने टिंबं दिली.

क्षमावाणीच्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मी वणीला गेले. जाऊबाईंना बरोबर घेतलं, कारण मी बोलले होते ते त्यांच्यासमोर. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. ती जाईपर्यंत थांबावं असं वाटलं, पण फोनवर बोलताना मी कोणाच्या जाण्याची वाट पाहिली नव्हती. त्यांच्यासमोरच सांगितलं की माल चांगला होता, मी तो टिनाखाली ठेवला, आणि दोष तुझ्यावर टाकला. क्षमा कर. दुसऱ्यांदा कापलेल्या अक्षरांचे पैसे समोर ठेवले.

तो ओशाळला. म्हणाला, "काकू, मी तवाच सांगतलं होतं ना, आठ दिवसांत लावा, सपाट ठेवा म्हणून. तुमी घाईत होत्या." पैसे त्याने घेतले, आणि बरं झालं घेतले.

तुमच्या घरी कुठे अशी अक्षरं पडून असतील, पाळण्यासाठी, दारासाठी, गाडीसाठी आणलेली, तर आजच काढून बघा. आणि देणारा काही सांगत असेल तर पुढच्या बसने जा.

जय जिनेंद्र.