वाघ्याची जखम आणि आमची माया

आमचे घराणे इंदुरात स्थायिक होऊन चार पिढ्या झाल्या. बोलण्यात माळव्याचे पाणी मिसळले, पोह्यांवर शेव आली. पण कुत्र्याचे नाव ठेवताना मात्र आम्ही जुन्या वळणाचेच राहिलो. गल्लीत इतरांचे शेरू आणि टॉमी, आमचा वाघ्या. सोनेरी, दाट केसांचा हा प्राणी नऊ वर्षांपूर्वी घरी आला, तो थेट आईच्या पदराखालीच शिरला आणि तिच्या हातची तूप-पोळी खाऊन वाढला. त्या वाघ्याने गेल्या श्रावणात आईवरच दात विचकले. त्याची ही हकीकत.

त्या आठवड्यात पावसाची झड लागली होती. वाघ्या दोन्ही वेळा भिजून येई आणि आम्ही वरवर पुसून त्याला सोडून देत असू. शुक्रवारी रात्री तो शेपटीजवळ, मांडीच्या वरची जागा सारखी चाटताना दिसला. पाहिले, तर रुपयाएवढा लाल, ओलसर चट्टा. शनिवारी सकाळी तोच तळहाताएवढा झाला. केस चिकटून त्यांची जटा झाली, खालून पाणी झिरपू लागले, वासही येऊ लागला.

मग घरात वैद्यकीला उधाण आले. आईने खोबरेल तेलात हळद कालवून जाडसर लेप दिला. सौ.ने तो पुसून माणसांचे मलम लावले. ते वाघ्याने पाच मिनिटांत चाटून टाकले. शेजारच्या भाईसाहेबांनी कुंपणावरूनच सांगितले, "गॅरेज से जला हुआ तेल ले आइए, दो दिन में ठीक हो जाएगा." तेवढे आम्ही केले नाही, पण जंतुनाशक औषध पाणी न घालता तसेच कापसावर घेऊन जखमेवर दाबण्याचे शहाणपण आमचे स्वतःचे. वाघ्या किंचाळून दिवाणाखाली शिरला. दुपारी आई पुन्हा लेपाची वाटी घेऊन वाकली, तेव्हा तो गुरगुरला, दात दाखवले. आई काही बोलली नाही. रात्री पानावरून उठताना एवढेच म्हणाली, "नऊ वर्षांत त्याने असे कधी केले नव्हते. आता मी त्याला नकोशी झाले."

रविवारी सकाळीच एका पशुवैद्यांना गाठले. त्यांनी वाघ्याच्या तोंडाला मुसके बांधले आणि यंत्राने जखमेभोवतीचे केस उतरवले. आम्हांला तळहाताएवढी वाटलेली जखम केसांखाली दुप्पट पसरली होती. "याला हॉट स्पॉट म्हणतात," ते म्हणाले. "या जखमेला हवा हवी होती. तुम्ही सर्वांनी मिळून तिच्यावर झाकण घातलेत."

मग त्यांनी समजावून सांगितले. कुत्र्याची कातडी माणसाच्या कातडीहून पातळ. खाज सुटली की तो चाटतो. चाटून कातडी ओली राहते व सोलवटते. ओलीत जंतू वाढतात, आणि जंतूंमुळे खाज आणखी वाढते. हे चक्र काही तासांत केवढी तरी जखम करते. तेलातुपाचा लेप ही ओल आतच कोंडतो. शिवाय कुत्र्याच्या अंगाला जे लावाल ते त्याच्या पोटात जाणार, हे आपल्या ध्यानीच येत नाही. जस्ताचे मलम, कापराचे तेल, फिनेल, ते जळके तेल, ही सारी त्याला विषासमान. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत.

घरी करण्याजोगे आहे ते अगदी साधे. चट्टा लहान असतानाच भोवतीचे केस कापावेत. कात्रीने कातडी कापली जाते, म्हणून यंत्र बरे. अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून ते निववावे आणि त्याने जखम दिवसातून दोन-तीनदा धुवावी. मग स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करावी, चोळू नये. पोव्हिडोन आयोडीन लावायचे, तर फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून. आणि गळ्यात कॉलर घालून चाटणे बंद करावे; हे नसेल तर बाकीचे सारे फुकट. एवढे करूनही एका दिवसात चट्टा वाढला, पू आला, कान वा डोळ्याजवळ जखम झाली, किंवा कुत्रे मलूल होऊन अन्न टाकू लागले, तर घरगुती उपचार तिथेच थांबवावेत.

जखमेचे मूळ मात्र वेगळेच निघाले. डॉक्टरांनी शेपटीच्या मुळाशी सापडलेले काळे कण ओल्या कापसावर चोळले, तो तांबूस डाग उमटला. ती पिसवांची विष्ठा. वाघ्याचेच पचलेले रक्त. ज्या कुत्र्याला पिसवांचे वावडे असते, त्याला दोन-चार चावेही पुरतात. पिसवांचे औषध आणि अंथरुणाची गरम पाण्याने धुलाई झाली नाही, तर जखम पुन्हा येणार.

निघताना आम्ही भीत भीत आईची गोष्ट काढली. डॉक्टर म्हणाले, "दुखऱ्या जागेकडे हात येताना दिसला, की शहाण्यातले शहाणे कुत्रेही दात दाखवते. आईंना सांगा, मनाला लावून घेऊ नका."

ते ऐकून आईने लेपाची वाटी घासून फडताळात ठेवली. जखम धुण्याचे काम आमचे. ती मात्र समोर बसून वाघ्याची हनुवटी हातात धरी आणि त्याच्याशी बोलत राही. प्लास्टिकची कॉलर दारांवर आपटीत तो हिंडे, तेव्हा तीच त्याला वाट करून देई. गोळ्यांनी खाज थांबली. पाचव्या दिवशी जखमेवर कोरडी खपली धरली आणि महिन्याभरात तिथे बारीक लव उगवली.

आता पाऊस सुरू झाला, की आई जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन दारात उभी राहते. वाघ्याला पोटापासून शेपटीच्या मुळापर्यंत कोरडा केल्याशिवाय घरात घेत नाही. हळदीचा डबा तेवढा ओट्यावर आहे. तो आता फोडणीपुरता.