दोब्री देन, प्रताप नगर!

रविवार रात्र. प्रताप नगर, जयपूर.

सांगानेरच्या या वस्तीत कोचिंगला येणारी मुलं पाहिली की फेब्रुवारी 2022 आठवतो. डॉक्टर व्हायला युक्रेनला गेलेली हजारो भारतीय मुलं, त्यांत आपली मराठीही, युद्ध सुरू झाल्यावर ‘ऑपरेशन गंगा’तून परतली. काही जण थंडीत पोलंड, रोमानियाच्या सीमेपर्यंत चालत गेले होते. तेव्हापासून युक्रेनियन भाषा मला परकी वाटत नाही. युक्रेनला एकदा जायचंच, म्हणून मी ती शिकते आहे.

‘दोब्री देन’ म्हणजे नमस्कार, ‘द्याकुयु’ म्हणजे आभार, ‘बुद लास्का’ म्हणजे कृपया, ‘स्किल्की कोश्तुये?’ म्हणजे केवढ्याला? लिपी 33 अक्षरांची, पण उच्चारांत मराठी माणसाला घरचं काही सापडतं. साखरेला तिथे ‘त्सुकोर’ म्हणतात. तो पहिला वर्ण म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च. इथल्या हिंदीभाषक मैत्रिणीला तो जमवताना कष्ट पडतात. शिवाय हाक मारताना नावाचं रूप बदलतं, आपल्या संबोधनासारखं! मला याचा फार आनंद झाला.

युद्धामुळे युक्रेनचे विमानतळ 24 फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहेत. पोलंडसारख्या शेजारी देशातून रेल्वेने किंवा रस्त्याने जावं लागतं. म्हणून मी आधी पाठ केलं ते ‘दे उक्रित्या?’, म्हणजे आसरा कुठे आहे? आणि ‘दोपोमोझीत’, मदत करा.

परदेशी शिकायला मुलं पाठवणाऱ्या पालकांनो, फीच्या चौकशीबरोबर तिथल्या भाषेतले हे दोन शब्दही मुलांकडून पाठ करून घ्या.