चारही चाकं की पाणंद?

चाकणला बनणारी स्कॉर्पिओ-एन घ्यायचं ठरलं, पण फोर-व्हील ड्राइव्ह हवी का, यावर घरात महिनाभर खल झाला. ती फक्त डिझेलमध्ये मिळते, वर सुमारे दोन लाख जास्त. शिरूरहून न्हावरा, चौफुला करत दौंडला माहेरी जायला डांबरी रस्ता आहे. अडचण शेवटच्या पाणंदीची: उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या, पावसात चिकट काळी माती, आणि वस्तीवर दम्याची अम्मी.

भाईजान म्हणाले, "रात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर?"

पण या मातीत टायरची नक्षी बुजली की चारही चाकं जागेवरच फिरतात. आम्ही साधी गाडी नोंदवली. वाचलेल्या पैशांतून पावसाळ्याआधी पाणंदीवर मुरूम पडेल. शेजारची दोन घरंही वाटा उचलणार आहेत. अम्मीला आनंद वेगळाच: आता रिक्षाही दारापर्यंत येईल.