फ्यूज खिशात

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

नातीने आज हात टेकले. "आबाजी, हा डबा सुरू होतपर्यंत माझी आंघोळ होऊन जाते." मोबाइलचं घड्याळ लावून बघितलं. पडदा यायला दोन मिनिटं पन्नास सेकंद लागले, आणि त्यानंतरही बाण जागचा हलेना.

डबा म्हणजे घरचा कॉम्प्युटर, तेरा वर्षांचा. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतला होता. मुलगा पुण्याला गेला, डबा भरवेलीतच राहिला. त्यात येत्या १४ तारखेला विंडोज १० चे अपडेट बंद होणार. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे ते दार आपल्याला बंदच. घरचे म्हणतात, दिवाळी आहे, नवाच घ्या. मी म्हटलं, रॅम मागवली आहे, ती येऊ द्या.

७ ऑक्टोबर, मंगळवार

रॅम आली आणि बसली नाही. पट्टीच्या सोनेरी दातांमधली खाच आणि बोर्डावरच्या सॉकेटमधला उंचवटा जुळेचनात. चष्मा लावून नीट पाहिलं तेव्हा कळलं, मागवली डीडीआर-४ आणि बोर्ड डीडीआर-३ चा. एकीला २८८ पिना, दुसरीला २४०. व्होल्टेजही वेगळं, १.२ आणि १.५. चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ती खाच सरकवलेली असते. जोर लावला असता तर सॉकेटच गेलं असतं. विकणारा परत घ्यायला तयार नाही. "पाकीट फोडलं ना," म्हणतो. पाकीट न फोडता खाच कशी दिसणार होती, ते त्याने सांगितलं नाही.

पण चूक माझीच. खाणीच्या विद्युत विभागात चौतीस वर्षं काढली. पंप बंद पडला की आधी मीटर लावायचा, पाना नंतर. इथे मात्र मीटर न लावताच सामान मागवलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नागपूरच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामाजी, टास्क मॅनेजर उघडा अन् सांगा कोण धावून रायलं." उघडलं. प्रोसेसर बारा-पंधरा टक्क्यांवर निवांत. रॅम भरत आलेली, पण डिस्क सलग शंभर टक्के. "बस! चोर सापडला," म्हणाला.

कारण ऐकलं तर अगदी आपल्या धंद्यातलं. हार्डडिस्क म्हणजे मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी. माहितीचा तुकडा इथे, तुकडा तिथे, आणि वाचणारा दांडा दर वेळी तिथवर जाणार. भरवेलीची खाण आशियातली सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. तिथे केज, म्हणजे खाणीची लिफ्ट, खाली येईपर्यंत माणसं तळाशी उभी असतात, तसंच हे. त्याऐवजी एसएसडी लावली, तर तीत फिरणारं काहीच नाही. माल हाताशीच.

१२ ऑक्टोबर, रविवार

भाचा सकाळी गोंदियामार्गे आला. नागपूरच्या सीताबर्डीतून २४० जीबीची एसएसडी आणि वापरलेली डीडीआर-३ ची ४ जीबी पट्टी घेऊन.

डबा अंगणात नेला. प्लग काढला आणि तो माझ्या सदऱ्याच्या खिशात कोंबायला लागलो. भाचा हसला. जुनी सवय आहे. कामाला हात लावण्याआधी फ्यूज काढून खिशात ठेवायचा, म्हणजे वरचा कोणी येऊन चालू करू शकत नाही. ब्लोअर मारला तर काळपट धुळीचा लोट निघाला. पंख्याखालची जाळी गोधडीसारखी भरलेली. जुन्या रॅमच्या दातांवर नातीचं खोडरबर फिरवलं, फुंकर मारली, दोन्ही बाजूच्या खटक्यांचा "कट" असा आवाज येईपर्यंत दाबली.

एसएसडीला बसायला कप्पाच नव्हता. ती अडीच इंची, आणि कप्पा साडेतीन इंचीचा. एका स्क्रूवर लटकवली. फिरत काही नाही, तर हादरे कशाचे? आमच्या एच६१ बोर्डाची साटा जोडणी जुनी, सेकंदाला ३ गिगाबिटची, त्यामुळे एसएसडी अर्ध्याच वेगाने धावणार, असं भाच्याने आधीच बजावलं. जुन्या डिस्कची नक्कल उतरवायला जेवण आणि वामकुक्षी दोन्ही झाली.

बटण दाबलं. सत्तावीस सेकंद. नात म्हणाली, "आता आंघोळ केव्हा करू?"

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोजला वर्षभराची मुदतवाढ घेतली. पुढल्या ऑक्टोबरात लिनक्स टाकू.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

इंटरनेटचा प्लॅन १५० एमबीपीएसचा, मोजला की ९४. उद्या मोजला तरी ९४. नात म्हणते, नवा राउटर. मी म्हटलं, आकडा इतका ठाम असतो तेव्हा संशय तारेवर घ्यावा. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात. त्यातल्या निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तुटली की दोन्ही टोकं चारच तारांवर तडजोड करतात, आणि शंभरच्या आतच अडकतात.

केबल माळ्यावरून येते, म्हणून तिथे चढलो. उंदराने वरचं आवरण सोलून तपकिरी तार कुरतडली होती. केबलवाल्या पोराकडून क्रिम्पिंगची पक्कड आणली, खराब तुकडा कापला. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिल्यांदा निळा-हिरवा उलटा झाला, कनेक्टर फुकट गेला. दुसऱ्यांदा जमलं. १४६. राउटरचे पैसे वाचले.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

काल रात्रभर वीज नव्हती. सकाळी एकही साइट उघडेना, सगळीकडे सुरक्षिततेचा इशारा. कोपऱ्यात बघितलं तर तारीख १ जानेवारी २०१२. साइटचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं. २०१२ मध्ये बसून आजची साइट कशी खरी ठरणार? बोर्डावरचा गोल सेल मेला होता. मल्टीमीटरवर २.१ व्होल्ट, हवेत ३.

बालाघाटला घड्याळवाल्याकडे सीआर२०३२ मिळाला. २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, म्हणून २०३२. सी म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडची जात. घरच्यांनी स्टीलची वाटी घेतली, मी हा घेतला. धनत्रयोदशीला धातू घेतात, दोघांचीही खरेदी पक्की.

नातीने विचारलं, "म्हणजे आपल्याच खाणीचा माल?"

मी म्हटलं, आपली खाण चालवणारी मॉयल कंपनी बॅटरीचं मँगनीज डायऑक्साइड बनवते, पण भंडारा जिल्ह्यात, डोंगरी बुजुर्गला. तिने भिंग घेऊन सेल उलटा केला.

"मेड इन इंडोनेशिया," म्हणाली.