डेव्हिड वॉलेसवरून कोणीच का भांडत नाही?

'द ऑफिस' बघणाऱ्यांच्या साधारण दोन पार्ट्या असतात. पहिली म्हणते, मायकल स्कॉट हा बॉस म्हणजे चालतीबोलती आपत्ती आहे, आणि जिम हॅल्पर्टला वेळेवर मॅनेजर केलं असतं तर स्क्रँटनची ती शाखा सुखी झाली असती. दुसरी म्हणते, जिम वरून गोड पण आतून कामचुकार आणि आपमतलबी. मायकल मूर्ख असेल, पण मनाचा चांगला. (तिसरी पार्टी ड्वाइटची. तिच्याशी वाद घालायचा नसतो. :))

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांची मूळ ब्रिटिश मालिका २००१ ची. तिच्यावरून ग्रेग डॅनियल्सने अमेरिकन मालिका केली, ती २००५ ते २०१३ अशी नऊ सीझन चालली. डंडर मिफ्लिन नावाची कागद विकणारी कंपनी, तिची पेन्सिल्व्हेनियातली एक शाखा. ईमेलच्या जमान्यात कागद विकायचा, म्हणजे प्रत्येकाची नोकरी पहिल्या दिवसापासूनच डळमळीत. बाकी सगळं आपल्या हापिसासारखंच.

तर भांडण सगळ्यात जास्त पेटतं ते २००९ च्या सहाव्या सीझनवरून. जिम परस्पर वरिष्ठ साहेबांशी, म्हणजे डेव्हिड वॉलेसशी, बढतीबद्दल बोलतो. मायकलला वास लागतो, तो घाबरतो आणि जिमच्या उणिवांची फाईल वॉलेससमोर ठेवतो. मग कळतं की जिमच्या योजनेत मायकललाही वरची जागा होती. मग धावपळ, सारवासारव. आणि शेवटी वॉलेस काय करतो? दोघांनाही मॅनेजर करतो! रोजचा कारभार जिमकडे, मोठे ग्राहक आणि 'व्यापक चित्र' मायकलकडे.

आता दोन्ही पार्ट्यांकडे पुरावे भरपूर आहेत. मायकलने केलं ते वाईटच. पण त्याच माणसाच्या खुर्चीवर २००६ मध्ये ड्वाइटने डोळा ठेवला होता. दाताच्या डॉक्टरकडे जातो असं सांगून तो वरच्या बाईंना भेटून आला होता. २००७ मध्ये एका खटल्याच्या जबानीत मायकलला समोरासमोर ऐकावं लागलं की न्यूयॉर्कच्या ज्या जागेसाठी त्याने मुलाखत दिली, तिच्यासाठी त्याचा गंभीरपणे विचार झालाच नव्हता. हे सांगणारा कोण? वॉलेसच. आणि तरीही मायकलने त्या खटल्यात साक्ष कंपनीच्या बाजूने दिली. अशा माणसाला पुन्हा बंद दाराआड मीटिंग दिसली तर तो फाईल काढणार नाही तर काय करणार?

जिमचंही तसंच. २००५ मध्ये आरोग्य विम्यातली कपात ठरवायचं नकोसं काम मायकलने त्याच्यावर ढकललं, त्याने ते ड्वाइटवर ढकललं. विरोधी पार्टी म्हणते, बघा, हाच का तुमचा हिरो! पण दोघांनी एकत्र कारभार सुरू केल्यावर पहिलाच प्रश्न आला पगारवाढीचा, आणि पैसे सगळ्यांना पुरणारे नव्हते. तेव्हा जिमने निदान उत्तर शोधायचा प्रयत्न केला. वाढ फक्त सेल्सवाल्यांना द्यावी असं सुचवून बाकीच्यांच्या शिव्या खाल्ल्या. मग प्रत्येकाचे फोटो टेबलावर मांडून वाढ कशी वाटायची ते बिया ठेवून बघितलं, आणि तेही कर्मचाऱ्यांनी पाहिलं. मला हा एपिसोड हसत हसत बघता येत नाही. आपल्याकडचं अप्रेझलही याहून फार वेगळं नसतं, फक्त बियांच्या जागी एक्सेल असतं.

पण मुद्दा वेगळाच आहे. एवढ्या भांडणात डेव्हिड वॉलेसचं नाव कोणी घेत नाही. का? कारण तो सभ्य आहे. हळू बोलतो, चिडत नाही, बहुतेक वेळा फोनच्या पलीकडे असतो. पण जरा त्याच्या बाजूने विचार करून बघा. स्क्रँटनची शाखा कंपनीतली सगळ्यात चांगली चालणारी शाखा, म्हणजे मायकलला दुखवणं परवडणारं नाही. जिम हुशार, तोही गेला तर नुकसान. मग दोघांपैकी एकाला 'नाही' म्हणायचं सोडून त्याने ते 'नाही' खाली पाठवून दिलं. मॅनेजर दोन, पगारवाढीचे पैसे अपुरे, आता तुम्ही बघा. निर्णय टाळण्याची किंमत त्याला शून्य, आणि वाद कोणाच्या नावावर? जिम आणि मायकलच्या.

आमच्या क्षेत्रात याला 'टू-इन-अ-बॉक्स' असं भारदस्त नाव आहे. कामाची वाटणी स्वच्छ असेल तर ते चालतंही. माझ्या एका जुन्या कंपनीत वाटणी स्वच्छ नव्हती. एकाच टीमवर दोन मॅनेजर, एक डिलिव्हरीचा, एक टेक्निकल. आमच्यातली एक मुलगी अर्धा वेळ याच्याकडे, अर्धा वेळ त्याच्याकडे. रेटिंगच्या बैठकीत डिलिव्हरीवाल्याला वाटलं हिची बाजू टेक्निकलवाला मांडेल, आणि टेक्निकलवाल्याला वाटलं डिलिव्हरीवाला मांडेल. कोणीच मांडली नाही. वर्षभर रात्री जागून रिलीज काढणारी ती मुलगी बेल कर्व्हच्या खालच्या टोकाला गेली, आणि सहा महिन्यांत कंपनी सोडून गेली.

त्यानंतर टपरीवर कित्येक आठवडे चर्चा एकच. दोघांतला खरा डांबिस कोण? पुरावे, प्रतिपुरावे, कोणी कोणाला कुठल्या मेलमध्ये सीसी केलं नव्हतं, सगळं. ती जोडी लावून देणाऱ्या बड्या साहेबांचा विषय एकदाही निघाला नाही. तिच्या शेवटच्या दिवशी केक त्यांनीच कापायला लावला आणि भाषणही छान केलं.

इंजिनिअर मंडळींना एक सोपं उदाहरण देतो. दोन थ्रेड एकाच व्हेरिएबलवर लिहितायत आणि लॉक कुठेच नाही. आकडा चुकला. आता यातला कुठला थ्रेड मत्सरी आणि कुठला आळशी, असा शोध आपण घेतो का? डिझाइन कोणी केलं ते विचारतो. माणसांच्या बाबतीत मात्र आपण लगेच स्वभावात शिरतो. एक तर स्वभावावर बोलायला मजा येते, आणि दुसरं म्हणजे डिझाइन करणारा आपल्या टपरीवर चहाला येत नाही.

हे मी उगाच ताणतोय असं वाटत असेल तर २०१० चा एपिसोड बघा. सेबर नावाची कंपनी डंडर मिफ्लिन विकत घेते. नवी मालकीण जो बेनेट येते आणि सांगते, इथे मॅनेजर एकच पुरे, दुसऱ्याने सेल्समध्ये जावं. आता रक्तपात होणार असं आपल्याला वाटतं. मग कळतं की सेल्सवाल्यांच्या कमिशनला आता मर्यादाच नाही, आणि दोघेही मॅनेजरची खुर्ची दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघतात! शेवटी मायकलला आपली केबिन हवी असते, जिमला पैसे, आणि दोघे आपापल्या जागी निमूट बसतात. माणसं तीच, स्वभाव तेच. बदललं काय? व्यवस्था. इतके महिने चाललेली चुरस दिवसभरात संपली.

याचा अर्थ स्वभावाला काहीच महत्त्व नाही असं नाही. फाईल मायकलनेच पुढे केली, जिमने नाही, हे राहतंच. पण ती फाईल बाहेर काढायची वेळ कोणी आणली, हाही प्रश्न त्याच यादीत घ्यायला हवा, एवढंच म्हणणं.

असो. वॉलेसची नोकरी सेबरच्या व्यवहारात गेली, पुढे त्याने पैसे कमावले आणि २०१२ मध्ये ती कंपनीच विकत घेतली. २०१३ मध्ये, मालिका संपता संपता, स्क्रँटनची जागा पुन्हा रिकामी झाली तेव्हा त्याने ड्वाइटला मॅनेजर केलं. एकट्याला. जिम समोरच असताना. गडी शिकला म्हणायचं, की तोवर जिमलाच ती खुर्ची नको होती? यावर भांडायला मी तयार आहे.