बहे-बोरगांवचें बेट

बेट म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें समुद्र, गलबतें आणि नारळीचीं बनें उभीं राहतात. परंतु ‘द्वीप’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ज्याच्या दोहों बाजूंस पाणी आहे तें’ एवढाच आहे. त्यास समुद्रच लागतो असें नाहीं. असें एक द्वीप आम्हां सातारकरांच्या अगदीं हाताशीं, सांगली जिल्ह्याच्या वाळवें तालुक्यांत, कृष्णेच्या पात्रांत आहे. गेल्या माघांत एका शनिवारीं आम्ही उभयतां तेथें जाऊन आलों.

एकत्र कुटुंबांत नवराबायकोनें दोघांनींच कोठें जावयाचें म्हणजे कारण लागतें. लग्न, मुंज, फार तर काशीयात्रा! केवळ सहज म्हणून भरलेली पिशवी पाहून धाकट्या भावजयीनें तीन वेळां विचारलें, “पण तिकडे आहे कोण?” शेजाऱ्यांनीं सल्ला दिला कीं, निघालांच आहां तर मोटार करून समर्थांचे अकराहि मारुति दोन दिवसांत उरका. तो ‘उरका’ शब्द आमच्या सौभाग्यवतींस रुचला नाहीं. “देव म्हणजे काय रात्रीचीं भांडीं आहेत उरकायला?” तेव्हां एकच मारुति ठरला, आणि आम्ही महामंडळाच्या गाडीनें निघालों. २०२३ सालापासून स्त्रियांस निम्मे तिकीट झाल्यामुळें ‘अर्धांगी’ या शब्दास वाहकाचीहि मान्यता मिळाली आहे.

साताऱ्याहून कऱ्हाड सुमारें ५० किलोमीटर. आमच्या माहुलीस वेण्णेला पोटांत घेऊन आलेली कृष्णा येथें कोयनेस भेटते, आणि तें दुणावलेलें पाणी खालीं बह्याकडे वाहूं लागतें. आपणहि पेठनाक्यावरून इस्लामपुरास (आतांचें ईश्वरपूर) जावें व तेथून बहे गांठावें.

काळा खडक, त्यावर झाडी, मध्यें रामलिंगाचें देऊळ आणि त्याच्या मागें मारुति. श्रीराम येथें पूजेस बसले असतां कृष्णेस पूर आला. मारुतीनें दोन्ही बाहु पसरून लोंढा थोपविला, तेव्हां नदी दुभंगली आणि मध्यें हें बेट राहिलें, अशी कथा आहे. समर्थांनीं शके १५७३ मध्यें, म्हणजे इ. स. १६५१ च्या सुमारास, स्थापिलेल्या मूर्तीचे हातहि पाणी अडविल्यासारखेच आहेत. ‘बाहु’वरून ‘बहे’ झालें असें लोक म्हणतात. वर्गांत आम्हीं ही व्युत्पत्ति चालूं दिली नसती. मूर्तीसमोर मात्र हट्ट धरवत नाहीं.

सौभाग्यवतींचें माहेर सांगलीचें, नदीकांठचें. २०१९ च्या ऑगस्टांत आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें, तेव्हां त्या जुन्या घराच्या मातीच्या भिंती बसल्या. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडीं ‘कृष्णामाई’ हा शब्द आम्हीं ऐकला नव्हता. मारुतीसमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, “अहो, यानें इथें अडवलं. आमच्याकडे मात्र सोडून दिलं.” आमच्या साऱ्या पाठांतरांत यास उत्तर नव्हतें. आम्ही गप्प राहिलों.

दुपारीं झाडाखालीं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. एक खंड्या समोरच्या खडकावरून पाण्यांत सूर मारी व पुन्हां तेथेंच येऊन बसे. घड्याळाकडे पाहण्याचें कांहीं कारण नव्हतें. केव्हां तरी सौभाग्यवतींनीं पाय पाण्यांत सोडले आणि सांगूं लागल्या, कीं सांगलीच्या घाटावर पाठीला वाळका भोपळा बांधून त्या पोहावयास शिकल्या. पुढें भोपळा सुटला, तरी त्यांना कळलेंहि नाहीं. चाळीस वर्षांच्या संसारांत ही हकीकत आम्हांस ठाऊक नव्हती. घरांत चौदा माणसें. कोण कोणास पोहण्याच्या गोष्टी सांगणार?

पावसाळ्यांत मात्र येथें येऊं नये. फराळ बरोबर आणावा.

रात्रीं सांगलीस मुक्काम केला. रविवारीं सकाळीं पटवर्धनांच्या गणपतीचें दर्शन घेऊन घाटावर गेलों. सौभाग्यवती पदर खोंचून शेवटच्या पायरीपर्यंत उतरल्या, ओंजळभर पाणी डोळ्यांस लावलें आणि वर आल्या. त्यानंतर भडंगाचे पुडे घेतले. भावजयीसाठीं दोन अधिक.